चाळणीची भोकं कोण ठरवतं?

(उरण तालुक्यातल्या महिला गटांच्या एकदिवसीय शिबिरात केलेलं भाषण. बोलण्याच्या ओघातली पुनरुक्ती तेवढी वगळली आहे.)



आजचा विषय ‘खाडी आणि बाईचं आरोग्य’ असा ठेवलाय. यावर बोलायला खरं तर एखादी डॉक्टर किंवा रसायनशास्त्रज्ञ हवी होती. मी समाजकार्य शिकलेली बाई. पण गावागावांतल्या बैठकांत तुम्ही जे प्रश्न विचारता, ते घेऊन मी शिकलेल्या मंडळींकडे जाते, वाचते, आणि समजलं ते तुमच्यापाशी परत आणते. आजचं बोलणं त्यातलंच आहे. शास्त्र येईल, पण घाबरू नका. मासळी पारखणाऱ्या बाईला न समजण्यासारखं त्यात काही नाही.

आपल्या बैठकांत तीन प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. खाडीतले खुबे, कालवं, निवट्या कमी का झाल्या? जे मिळतं ते पोरांना घालावं का? आणि पाळीच्या तक्रारी, मूल न राहणं, छातीतल्या गाठी, यांचा या पाण्याशी काही संबंध आहे का? हे प्रश्न घेऊन आम्ही काहीजणी एका सरकारी कार्यालयात गेलो होतो. तिथल्या साहेबांनी कागद पुढे सरकवला आणि म्हणाले, “बाई, सगळं मर्यादेत आहे.” कागद खोटा नव्हता. पण आपण विचारलं एक आणि कागदानं उत्तर दिलं दुसऱ्याच प्रश्नाचं.

समुद्राच्या पाण्याचे जे प्राथमिक निकष आहेत, त्यांत आम्लता बघतात, विरघळलेला प्राणवायू बघतात, सांडपाण्याचा भार, मैल्याचे जंतू, गढूळपणा, तेलाचा तवंग बघतात. हे सगळं हवंच. पण या पाण्यात असं काही आहे का, जे बाईच्या, पुरुषाच्या किंवा पोटातल्या बाळाच्या संप्रेरकांत ढवळाढवळ करतं, हा प्रश्न त्या यादीत नाही. चाळणीतून काय खाली पडेल आणि काय वर राहील, हे चाळणीच्या भोकांवर ठरतं. म्हणून आजचा माझा मुद्दा असा, की चाळणीची भोकं कोण ठरवतं ते बाईला ठाऊक असलं पाहिजे.

बंदर आलं, सोबत काय आलं

न्हावा शेव्याचं बंदर २६ मे १९८९ ला सुरू झालं. त्याआधी सिडकोने घेतलेल्या जमिनींसाठीचा लढा झाला. १६ आणि १७ जानेवारी १९८४ च्या गोळीबारात पाच जण गेले. त्यांची नावं इथल्या प्रत्येक घराला पाठ आहेत. जुना शेवा कोळीवाडा उठला, माणसं दुसरीकडे वसवली. जमीन गेली ती डोळ्यांना दिसली, मोजता आली, भाव लावून भांडता आलं. खाडीत काय आलं ते मात्र डोळ्यांना दिसत नाही.

कधीतरी ते दिसतं. ७ ऑगस्ट २०१० ला इथूनच निघालेलं ‘एमएससी चित्रा’ हे जहाज आणि मुंबई बंदरात येणारं ‘खलिजा-३’ यांची टक्कर झाली. शेकडो टन तेल सांडलं, कंटेनर पाण्यात पडले, आणि जहाजावरच्या काही कंटेनरांत कीटकनाशकं होती. मासे खाऊ नका अशा सूचना निघाल्या. गिऱ्हाईक फिरकेना. त्यात कोळणीचा धंदा किती दिवस बसला, हे पाटी डोक्यावर घेणाऱ्यांना मी सांगायला नको.

आणखी एक गोष्ट याच बंदरातली. वंगणाचं तेल म्हणून परदेशातून आलेले १३३ कंटेनर इथे पडून होते. कागदावर माल कामाचा, आत वापरून टाकलेलं घातक तेल. घातक कचऱ्यावरचा खटला १९९५ पासून सर्वोच्च न्यायालयात चालू होता. ५ जानेवारी २००५ च्या आदेशाने न्यायालयाने हे तेल आयातदारांच्या खर्चाने जाळून नष्ट करायला सांगितलं. धोक्याची पुरती खात्री पटेपर्यंत थांबायचं नाही, सावधगिरी आधी, आणि घाण करणाऱ्याने पैसे मोजायचे, ही दोन तत्त्वं त्या निकालाच्या मुळाशी आहेत. पण त्या आधीचा सगळा वाद कशावर होता? तेल कशासाठी तपासायचं, कोणत्या नियमाने घातक ठरवायचं, यावर. म्हणजे पुन्हा चाळणीचाच वाद.

गोगलगायीने दिलेली साक्ष

संप्रेरकं म्हणजे ज्यांना आपण हॉर्मोन म्हणतो ती. रक्तातून फिरणारे निरोप्ये समजा. पाळी कधी यावी, दूध कधी उतरावं, पोटातल्या गर्भाचे अवयव कसे घडावेत, पुरुषात बीज कधी तयार व्हावं, हे निरोप ती पोचवतात. पेशीपेशीत त्यांच्यासाठी कुलपं असतात. काही रसायनं त्या निरोप्याचं सोंग घेऊन कुलूप उघडतात, काही ते अडवून बसतात. विष म्हटलं की आपल्याला ओकारी, चक्कर, मृत्यू आठवतो. इथे तसं काही होत नाही. निरोप तेवढा चुकतो.

बंदराजवळ राहणाऱ्यांनी यातलं एक उदाहरण लक्षात ठेवावं. जहाजाच्या बुडाला शेवाळ आणि शिंपले चिकटू नयेत म्हणून रंगात कथलाचं एक संयुग घालत. त्याचं नाव ट्रायब्युटिल टिन. १९७० च्या सुमारास इंग्लंडमध्ये प्लिमथच्या किनाऱ्यावर शंखातल्या माद्यांच्या अंगावर नराचं लिंग उगवलेलं दिसलं. पुढे कळलं, की ते वाढत जाऊन अंडी बाहेर पडायची वाट बुजते, अंडी आतच अडकतात आणि मादी मरते. फ्रान्समध्ये आर्काशोंच्या खाडीत कालवांची पैदास बसली, शिंपा वेड्यावाकड्या जाड झाल्या. १९८२ मध्ये तिथे लहान होड्यांवर या रंगाला बंदी आली. १९८० च्या दशकात शंखांच्या बाबतीतही कारण पक्कं झालं. त्या शंखांना बाधायला लिटरभर पाण्यात एक अब्जांश ग्रॅमच्या आसपास एवढंही पुरतं. जगभरच्या जहाजांसाठीचा बंदीचा करार २००१ मध्ये झाला आणि १७ सप्टेंबर २००८ ला लागू झाला.

मग झालं गेलं विसरायचं का? नाही. हे संयुग गाळात वर्षानुवर्षं टिकतं. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी पश्चिम किनाऱ्यावरच्या पाण्यात, गाळात आणि प्राण्यांत अशी कथलाची संयुगं सापडल्याचं नोंदवलं आहे. मोठ्या जहाजांसाठी मार्ग खोल करायचा म्हणजे गाळ उपसायचा. आणि गाळ ढवळला की जुनं बसलेलं पुन्हा वर येतं. कालवं, खुबे हे गाळाजवळ राहून पाणी गाळून खाणारे जीव. ते वेचणारे हात बहुतांशी बायकांचे.

प्लास्टिकच्या नळीने केलेला घोटाळा

आता हे तपासतात कसं? आना सोटो आणि कार्लोस सोनेनशाइन हे दोघे अमेरिकेत टफ्ट्स विद्यापीठात काम करत. त्यांच्याकडे स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी होत्या, बशीत वाढवलेल्या. स्त्री-संप्रेरक घातलं तर वाढायच्या, नाही तर थांबायच्या. एकदा काहीही न घालता सगळ्याच बशांतल्या पेशी वाढायला लागल्या. महिनोन्महिने शोध घेतल्यावर चोर सापडला. द्रव साठवायच्या प्लास्टिकच्या नळ्या. बनवणाऱ्या कंपनीने प्लास्टिकची कृती बदलली होती आणि नवीन काय घातलं ते सांगायला ती तयार नव्हती, धंद्याचं गुपित म्हणून. या दोघांनी स्वतःच ते वेगळं काढलं. ते निघालं नॉनिलफेनॉल. १९९१ मध्ये त्यांनी ते छापलं.

हे नॉनिलफेनॉल आपल्यापासून दूर नाही. त्याच्यापासून बनणारी संयुगं कारखान्यांतल्या साबणांत, कापड धुण्यात, कीटकनाशकांच्या मिश्रणांत वापरली गेली. योनीत ठेवायच्या काही गर्भनिरोधक गोळ्यांतलं नॉनॉक्सिनॉल-९ हे त्याच कुळातलं.

त्या अपघातातून एक चाचणी उभी राहिली. संशयित रसायन पेशींवर घालायचं, काही दिवसांनी पेशी मोजायच्या. वाढल्या तर रसायन स्त्री-संप्रेरकाचं सोंग घेतंय. सोपी, स्वस्त, आणि हजारो रसायनं पटापट चाळायला बरी.

तव्यावरचं घावन आणि फुगलेली पुरी

पण त्यात एक उणीव होती. सपाट बशीत पेशी तव्यावरच्या घावनासारखी पसरते. आपल्या छातीत ती अशी नसते. तिथे पेशी गोल करून बसतात, मध्ये पोकळी असते, त्या पोकळीत दूध उतरतं. भोवती मऊ जाळीचा आधार असतो आणि त्या आधारातूनही पेशीला निरोप मिळत असतात. मीना बिसेल या शास्त्रज्ञ बाईंच्या आणि इतरांच्या प्रयोगशाळांत १९७० आणि १९८० च्या दशकांत दिसलं, की उंदराच्या दूधग्रंथीतल्या पेशी सपाट प्लास्टिकवर ठेवल्या की दूध करायचं विसरतात. त्याच पेशी मऊ जेलमध्ये ठेवल्या की पुन्हा गोल होतात आणि दुधाची प्रथिनं तयार करायला लागतात. पेशी त्याच, फक्त घर बदललं. बाईला तिच्या घरादारापासून, कामापासून तोडून नुसतं टेबलावर तपासू नये, असं आपण चळवळीत म्हणत आलो, ते इथे पेशीलाही लागू पडलं.

यालाच त्रिमितीय पेशीसंवर्धन म्हणतात. जेलसाठी कोलॅजन वापरतात, ते बरेचदा उंदराच्या शेपटीतून काढतात. पेशी त्या जेलमध्ये मिसळतात आणि एक-दोन आठवडे किंवा जास्त वाढू देतात. निरोगी पेशी टम्म फुगलेल्या पुरीसारखी गोळी करतात, आत पोकळ, आणि मग वाढ थांबवतात. कर्करोगाच्या पेशी वेडेवाकडे गोळे करतात आणि थांबत नाहीत. हा फरक १९९२ मध्ये स्पष्ट मांडला गेला. मग एका बशीत काहीच नाही, एकीत खरं संप्रेरक, बाकीच्यांत संशयित रसायन वेगवेगळ्या मात्रेत, असं ठेवायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली आकार बघायचा. पोकळी भरली का? फांद्या फुटल्या का? किती लांब? सोटोंच्या गटानेही पुढे संप्रेरकांना दाद देणाऱ्या स्तनपेशी अशा जेलमध्ये वाढवल्या. सपाट बशीत नुसती संख्या कळायची, इथे घडण कशी बिघडते ते कळतं. प्राण्यांचे हाल कमी, माणसाच्याच पेशी, आणि उत्तर काही आठवड्यांत.

चाळणीतून काय निसटतं

इतकं ऐकून कुणी म्हणेल, चला, ही चाचणी करून घेऊ, प्रश्न मिटला. मिटत नाही, आणि ते का हे आपल्याला नीट कळलं पाहिजे. कारण उद्या याच चाचणीचा कागद पुढे सरकवून कुणी म्हणेल, “बाई, सगळं स्वच्छ आहे.”

पहिलं. मघाशी सांगितलेलं कथलाचं संयुग स्त्री-संप्रेरकाच्या कुलपाला लागतच नाही, ते दुसऱ्याच कुलपांना लागतं. म्हणजे फक्त स्त्री-संप्रेरकाचं सोंग शोधणाऱ्या चाळणीतून बंदराचं हे सर्वांत ओळखीचं रसायन सुखाने खाली पडेल. म्हणून विचारायचं, चाचणी कोणत्या संप्रेरकासाठी केली? थायरॉइडचं काय? पुरुष-संप्रेरकाचं काय?

दुसरं. खाडीत रसायन एकटं नसतं. लंडनमध्ये कोर्टेनकँप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये आठ कमजोर रसायनं घेतली. प्रत्येक इतक्या कमी मात्रेत, की एकटं कुणीच काही करत नव्हतं. आठही एकत्र घातल्यावर परिणाम स्पष्ट दिसला. शून्यात शून्य मिळवलं की शून्यच राहतं, हे इथे खरं नाही. प्रत्येक पदार्थ आपापल्या मर्यादेत असला तरी पाणी निर्धोक ठरत नाही.

तिसरं, वेळ. बशीतल्या पेशीला यकृत नाही, गर्भाशय नाही, लेकही नाही. डीईएस नावाचं कृत्रिम स्त्री-संप्रेरक अमेरिकेत १९४० च्या दशकापासून गरोदर बायकांना गर्भपात टळावा म्हणून दिलं गेलं. ते उपयोगाचं नाही हे १९५३ मध्येच एका मोठ्या अभ्यासात दिसलं होतं, तरी देणं चालू राहिलं. १९७१ मध्ये बोस्टनच्या डॉक्टरांनी योनीचा एक दुर्मीळ कर्करोग झालेल्या आठ तरुणींचा अभ्यास छापला. आठांपैकी सात जणींच्या आयांनी गरोदरपणी डीईएस घेतलं होतं. आणि हा धागा प्रथम हाती दिला तो एका आईनेच. तिने आठवून सांगितलं, मी तेव्हा हे औषध घेतलं होतं. बाईच्या आठवणीलाही पुरावा म्हणायला शिका, असं मी म्हणते ते यासाठी.

म्हणून त्रिमितीय चाचणीत रसायन पकडलं गेलं तर तो इशारा समजायचा आणि वापर थांबवून पुढची तपासणी मागायची. पकडलं गेलं नाही, तर तो निर्दोष सुटल्याचा दाखला मात्र मानायचा नाही.

शरीर कुणाचं, कागद कुणाचा

हॉर्मोनच्या प्रश्नावर आपल्या देशातल्या बायका काही नवख्या नाहीत. पाळी चुकली की गरोदर आहे का हे बघायला संप्रेरकांचे जबर डोस दिले जात. गर्भाला धोका म्हणून १९८२ मध्ये बंदीचा हुकूम निघाला, कंपन्या कोर्टात गेल्या. आरोग्य गट आणि स्त्री-संघटना वर्षानुवर्षं मागे लागल्या आणि १९८८ मध्ये बंदी आली. तेव्हाही आधी म्हणत होते, पुरावा कुठे आहे?

आणखी एक सांगते. प्रयोगशाळांत ज्या पेशी वाढतात त्या कुठून आल्या? सर्वांत जास्त वापरली गेलेली स्तनपेशी १९७० मध्ये अमेरिकेतल्या एका आजारी ननच्या छातीत साठलेल्या पाण्यातून घेतलेली आहे. हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय बाईच्या पेशी १९५१ मध्ये तिला न विचारता घेतल्या. त्यांवर अफाट संशोधन झालं, व्यापार झाला. तिच्या कुटुंबाशी एका कंपनीने तडजोड केली ती २०२३ मध्ये. तेव्हा तुमच्या गावात कुणी रक्त, दूध, लघवी तपासायला मागितली, तर द्या, पण विचारून. कशासाठी? नमुना कुठे जाणार? निकाल आम्हाला आधी सांगणार का?

हे विचारायला आणखी एक कारण आहे. उद्या वर्तमानपत्रात आलं, की अमुक गावच्या पाण्याने मूल राहत नाही, तर पहिला घाव कुणावर? त्या गावच्या मुलींच्या लग्नांवर. कारखान्याला कुणी वांझ म्हणत नाही, बाईला म्हणतात. याच रसायनांचा पुरुषांच्या बीजावरही परिणाम होऊ शकतो, पण तपासणीला आधी सून जाते. आणि घाबरवून मासळीच बंद केली, तर धंदा आपल्याच बहिणीचा बुडतो आणि पोरांच्या ताटातलं चांगलं अन्न जातं. म्हणून “मासे विषारी आहेत” ही आपली घोषणा नाही. “कुठला गाळ, कुठला मासा, किती आणि कुणामुळे, ते तपासून सांगा” ही आपली मागणी आहे.

काय मागायचं

एक. नुसतं पाणी तपासून भागणार नाही, गाळ आणि कालवं-खुबे तपासा. मार्ग खोल करण्याआधी आणि नंतरही. शंख तपासणं तर फार खर्चाचंही नाही. त्यांच्या माद्या साक्ष देतात.

दोन. यंत्राने एकेक रसायन मोजाच, पण गाळाचा अर्क पेशींवर घालून परिणामही बघा, सपाट बशीत आणि जेलमध्येही. पेशी मिश्रणाला दाद देते, यादीत नाव नसलेल्या रसायनालाही देते. अशा चाचण्या करू शकणाऱ्या संस्था आणि विद्यापीठं आपल्या देशात आहेत. मागणी नसेल तर ती इकडे वळणार नाहीत.

तीन. निकाल मराठीत ग्रामपंचायतीत लावा. न लावल्यास २००५ चा माहिती अधिकार आहे, दहा रुपयांचा अर्ज आहे. अर्ज बाईच्या नावाने करा.

चार. २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने इथल्या १,६३० मच्छीमार कुटुंबांना सुमारे ९५ कोटी रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला, प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं. ‘कुटुंब’ म्हटलं की कागदावर नाव पुरुषाचं लागतं, होडी असलेल्याचं लागतं. भरती-ओहोटी बघून चिखलात उतरणारी, हाताने वेचणारी बाई कुठल्या रकान्यात? पुढच्या प्रत्येक पाहणीत तिचं काम वेगळं नोंदवून घ्यायचं.

पाच. आपली नोंदवही. आज कुठे वेचलं, काय मिळालं, काय मिळेनासं झालं, पाण्याचा वास, गाळाचा रंग, कुठलं जहाज, कधी उपसा झाला. तारखेसकट. अंगच्या तक्रारी लिहायच्या तर नाव न घालता, गटातच ठेवायच्या. वहीने कारण सिद्ध होणार नाही, ते शास्त्रज्ञांनी करावं. पण कुठे आणि कधी शोधायचं, हे वहीच त्यांना सांगेल.

आता जेवणाआधी पाच-पाचजणींचे गट करा. प्रत्येक गटाने आपल्या गावाजवळच्या एका जागेचं नाव लिहायचं, जिथला गाळ आधी तपासला जावा असं तुम्हाला वाटतं, आणि का, ते दोन ओळींत. दुपारच्या सत्रात त्यांचीच यादी करून अर्ज लिहू. सह्या सगळ्यांच्या हव्यात. अंगठाही चालेल.